संत फ्रान्सिस द सेल्स : नाव व चरित्र



धर्मग्रामाचा खरा इतिहास ख्रिस्तमंदिराच्या भिंतींपेक्षा बाप्तिस्म्याच्या वहीत अधिक स्पष्ट दिसतो. इमारती जीर्ण होतात व पुन्हा उभारल्या जातात. परंतु त्या वहीत एकदा लिहिलेले नाव कायमचे राहते. आपल्या जालना जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या औरंगाबाद धर्मप्रांतात, जी नावे घरोघर ऐकू येतात त्यांत फ्रान्सिस हे एक होय. कोणाचा आजा फ्रान्सिस, कोणाचा पुतण्या फ्रान्सिस, तर कोठे एखादी लेकही फ्रान्सिस. नाव सर्वांच्या ओळखीचे आहे, तथापि त्याचा अर्थ विचारला असता सांगणारे थोडे.

ह्या नावासंबंधी आपल्या लोकांत दोन प्रश्न नेहमी निघतात. पहिला असा की, हे नाव पुरुषाचे की स्त्रीचे, आणि मुलीस ते ठेवले तर चालेल काय? दुसरा प्रश्न आपले लोक सहसा मोठ्याने विचारीत नाहीत. तो शेजारीपाजारी विचारतात व आपल्या मनाला लागून राहतो. तो असा की, मराठी मातीत जन्मलेल्या लेकराला हे परक्या देशाचे नाव कशासाठी? ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एका पुण्यपुरुषाच्या चरित्रात मिळते. ज्यांच्या नावाने चालणाऱ्या मिशनरी संघाने मराठवाड्यात कॅथोलिक श्रद्धेचे बी पेरले, ते संत फ्रान्सिस द सेल्स हेच ते पुण्यपुरुष. ज्युबिलीच्या ह्या मंगल समयी त्यांचे स्मरण करणे उचित होय.

नावाचा उगम

प्राचीन काळी जर्मन वंशाचे फ्रँक नावाचे लोक गॉल देशात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, राज्यकर्ते झाले. त्यांच्या नावाचे मूळ भाल्याच्या एखाद्या जुन्या शब्दात असावे असे कित्येक भाषापंडित मानतात. जिंकलेल्या देशात पूर्णपणे स्वतंत्र असा वर्ग त्यांचाच होता. त्यामुळे पुढे त्या नावासच स्वतंत्र, मोकळा, बंधमुक्त असा अर्थ प्राप्त झाला. मनात एक व ओठांत एक असे न ठेवणाऱ्या माणसास इंग्रजीत फ्रँक म्हणतात, तो शब्द ह्याच कुळातला. फ्रान्सिस्कस हे लॅटिन रूप ह्यातूनच निघाले. त्याचा शब्दार्थ फ्रँक लोकांपैकी, अर्थात फ्रान्सकडचा, असा आहे.

हे नाव जगभर पसरण्यास एक बाप व त्याचे कौतुक कारण झाले. इटलीतील आसिसी गावी पिएत्रो बेर्नार्दोने नावाचा कापडाचा धनाढ्य व्यापारी होता. ११८१ च्या सुमारास त्याला मुलगा झाला, व आईने बाप्तिस्म्यात त्याचे नाव जॉन ठेवले. पिएत्रोचा व्यापार फ्रान्सशी चाले, आणि त्या देशाचे त्याला वेड होते. त्याने मुलाला फ्रान्चेस्को, म्हणजे फ्रान्सवाला, अशी हाक मारण्यास प्रारंभ केला. आसिसीच्या लोकांस ते नाव आपल्यातले वाटावे असे काही नव्हते. ते एक परकीय वळणाचे टोपणनाव होते. परंतु त्याच मुलाने पुढे सर्व संपत्तीचा त्याग केला, महारोग्यांस पोटाशी धरले, पाखरांस भावंडे मानले. १२२६ साली तो मरण पावला, आणि १२२८ साली पवित्र ख्रिस्तसभेने त्यास संतपद दिले. मग ज्या इटलीत ते नाव परके होते त्याच इटलीत आया आपल्या मुलांस ते कौतुकाने ठेवू लागल्या.

येथे आपल्या मराठी भाषेतील एक गंमत सांगण्याजोगी आहे. फ्रँक ह्या शब्दाचे अरबी व फारसी भाषांत फरंग असे रूप झाले. तेथून तो शब्द आपल्याकडे आला, आणि त्यापासून फिरंगी हा शब्द रूढ झाला. बखरकारांनी पोर्तुगीजांस फिरंगी म्हटले. युरोपातून आलेल्या सरळ पात्याच्या तलवारीस मराठ्यांनी फिरंग म्हटले आणि ती अभिमानाने कमरेस लावली. तेव्हा फ्रान्सिस व फिरंगी ही एकाच मुळाची दोन पाने होत. एक टोमणा म्हणून वापरले जाते, तर दुसरे वेदीजवळ उच्चारले जाते. शब्द कोठून आला ह्यावर त्याची प्रतिष्ठा अवलंबून नसते. तो कोणी धारण केला व धारण करून काय केले, ह्यावर ती अवलंबून असते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. इंग्रजी भाषेत हे नाव पुरुष व स्त्रिया दोघांनाही ठेवतात. पूर्वी इंग्लंडात त्याच्या लेखनातही निश्चित भेद नव्हता. पुढे पुरुषाच्या नावात शेवटी इकार व स्त्रीच्या नावात एकार लिहावा असा प्रघात पडला. तो भेद कागदावर दिसतो, परंतु कानाला जवळजवळ ऐकू येत नाही. आपल्या बाळबोध लिपीत तर तोही उरत नाही. मुलगा असो वा मुलगी, आपण फ्रान्सिस असेच लिहितो. आपल्याकडे किरण किंवा शशी हे नाव जसे मुलाचेही असते व मुलीचेही, त्यातलाच हा प्रकार. फ्रेंच भाषेत मात्र पुरुषास फ्रान्स्वा व स्त्रीस फ्रान्स्वाझ असे म्हणतात. मूळ नाव एकच. ज्या घरात संत फ्रान्सिस द सेल्स जन्मास आले त्या घरात ह्या एकाच नावाने आई, बाप व लेक असे तिघेही ओळखले जात होते.

जन्म व शिक्षण

फ्रान्स, स्वित्झर्लंड व इटली ह्यांच्या सीमेवरील आल्प्स पर्वताच्या कुशीत त्या काळी सॅव्हॉय नावाचे स्वतंत्र संस्थान होते. तेथे तोरां गावाजवळ सेल्स नावाची गढी होती. गढीचे धनी फ्रान्स्वा द ब्वाझी हे प्रौढ वयाचे सरदार. त्यांची पत्नी फ्रान्स्वाझ द सियोना ही वयाने फारच लहान. आसिसीच्या संतावर दोघांचीही भक्ती होती. गढीतील एका खोलीत त्या संताचे चित्र असून तिला संत फ्रान्सिसची खोली असेच म्हणत. त्याच खोलीत २१ ऑगस्ट १५६७ रोजी त्यांचा पहिला पुत्र जन्मास आला. मूल अपुऱ्या दिवसांचे व अत्यंत नाजूक होते. जगेल की नाही ह्याची शंका होती. २८ ऑगस्ट रोजी गावच्या ख्रिस्तमंदिरात त्याचा बाप्तिस्मा होऊन फ्रान्सिस बोनाव्हेंचर असे नाव ठेवण्यात आले.

ज्या जालन्याला लोक कौतुकाने सोन्याचा पाळणा म्हणतात, तेथील आपणांस हे वेगळे सांगावयास नको की, पाळण्यात ठेवलेले नाव म्हणजे आईबापांची इच्छा असते. पण ती इच्छा मुलाच्या आयुष्यात कोणत्या वाटेने पुरी होईल, हे आईबापांच्या हाती नसते. ब्वाझी सरदारांची इच्छा अशी होती की, मुलाने कायदा शिकावा, राजदरबारी मोठे पद मिळवावे व चांगल्या घराण्यातील मुलगी करून घराचे नाव राखावे. त्यासाठी त्यांनी त्यास १५७८ साली पॅरिस येथे शिक्षणास पाठविले. तेथे येशूसंघीय धर्मगुरूंच्या विद्यालयात फ्रान्सिस लॅटिन, ग्रीक व तत्त्वज्ञान शिकले. त्याबरोबर घोड्यावर बसणे, तलवार चालविणे, सभेत वागणे हेही शिकले.

पॅरिसमध्येच त्यांच्यावर एक भयंकर मानसिक संकट आले. त्या दिवसांत विद्यापीठात असा वाद माजला होता की, कोणी तरावे व कोणी नष्ट व्हावे हे देवाने आधीच ठरवून ठेवले आहे काय? १५८६ च्या सुमारास, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ह्या विचाराने फ्रान्सिस ग्रासले गेले. आपण नरकातच जाणार अशी त्यांची समजूत होऊन बसली. अन्न गोड लागेना, झोप येईना, देह खंगत गेला. असे सुमारे सहा आठवडे गेले. अखेर एके दिवशी ते एका ख्रिस्तमंदिरात पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून बसले. आपले पुढे काहीही होवो, निदान ह्या जन्मात तरी मी देवावर प्रीती करीनच, अशा अर्थाचा निश्चय करून त्यांनी स्वतःस मरियामातेच्या स्वाधीन केले. ते उठले तेव्हा मनावरील ओझे उतरलेले होते.

ह्या प्रसंगाचे महत्त्व मोठे आहे. भीतीने देवाकडे जाणे म्हणजे काय ह्याचा त्यांनी पुरता अनुभव घेतला, व त्या भीतीतून ते सुटले. म्हणून पुढे आयुष्यभर त्यांनी कोणासही भीती घालून देवाकडे नेले नाही. मोकळा, बंधमुक्त हा जो त्यांच्या नावाचा अर्थ, तो त्या दिवशी त्यांच्या अंतःकरणात उतरला.

पॅरिसहून ते इटलीतील पादुआ विद्यापीठात गेले आणि १५९१ साली कायद्यातील सर्वोच्च पदवी मिळवून परतले. वडिलांनी वकिलीची सनद मिळवून दिली, मुलगी पाहून ठेवली. फ्रान्सिस नम्र होते, परंतु निश्चयी होते. धर्मगुरू होण्याचा आपला संकल्प त्यांनी पित्यास सांगितला व अखेर त्याची संमती मिळविली. १८ डिसेंबर १५९३ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

शाब्ले प्रांतातील कार्य

जिनिव्हा शहराने १५३५ च्या सुमारास कॅथोलिक पंथाचा त्याग केला होता, व तेथील बिशपांस आनसी गावी राहावे लागत होते. जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेकडील शाब्ले प्रांतातही कॅथोलिक उपासना जवळजवळ बंद पडली होती. तेथे जाण्यास कोण तयार आहे, असा प्रश्न निघाला तेव्हा नवदीक्षित फ्रान्सिस पुढे झाले. सप्टेंबर १५९४ मध्ये आपला चुलतभाऊ लुई ह्यास बरोबर घेऊन ते पायीच निघाले. वडिलांस हे मुळीच रुचले नव्हते.

प्रारंभीचे महिने अत्यंत कष्टाचे गेले. रात्री आलांज येथील किल्ल्यात मुक्काम करावा व दिवसा तोनों शहरात जाऊन उपदेश करावा, असा क्रम त्यांनी ठेवला. हिवाळ्यात वाटा बर्फाने भरून जात, पाय फुटून रक्त येई. एकदा लांडग्यांच्या भीतीने त्यांनी सारी रात्र झाडावर काढली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. मारेकरीही त्यांच्या मागावर होते. शहरात त्यांचे प्रवचन ऐकण्यास बोटांवर मोजण्याइतकीच माणसे येत. उरलेल्यांना तेथे जाण्याची बंदी तरी होती किंवा लाज तरी वाटे.

तेव्हा त्यांनी एक युक्ती योजली. लोक आपणाकडे येत नाहीत, तर आपले शब्द लोकांकडे जावेत. त्यांनी श्रद्धेची एकेक बाब सोप्या भाषेत कागदावर लिहिण्यास आरंभ केला. त्या कागदांच्या प्रती करून ते लोकांच्या दारांखालून आत सरकवीत व चव्हाट्यावर चिकटवीत. वाचावयाचे किंवा नाही हे ज्याच्या त्याच्या इच्छेवर. बंद दार फोडावयाचे नाही, त्याच्या फटीतून एक कागद आत ठेवावयाचा, असा हा मार्ग होता. ह्याच कार्यामुळे १९२३ साली पोप अकरावे पायस ह्यांनी त्यांस कॅथोलिक लेखक व पत्रकार ह्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

चार वर्षांत चित्र पालटले. १५९८ साली तोनों येथे पवित्र साक्रामेंताची भव्य आराधना झाली, व हजारो लोक कॅथोलिक पंथात परतले. ह्यात सॅव्हॉयच्या ड्यूकच्या राजाज्ञांचाही भाग होता, हे सत्य लपविण्याचे कारण नाही. त्या युगात राजाचा धर्म तोच प्रजेचा, अशीच रीत होती. परंतु राजाज्ञेने माणसे रांगेत उभी राहतात, त्यांची मने वळत नाहीत. ती वळली ती ह्या धर्मगुरूच्या सौजन्याने. जात्या ते शीघ्रकोपी होते. त्यांची सौम्यता जन्मजात नव्हती, अनेक वर्षांच्या साधनेने कमाविलेली होती. आपल्या जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी बेथेल हे गाव वसविले; तेव्हापासून येथे प्रॉटेस्टंट बंधुभगिनी आपले शेजारी आहेत. मतभेद असताही माणसाचा मान कसा राखावा, हा धडा आपणांस ह्या संताकडूनच घ्यावयाचा आहे.

बिशपपद

८ डिसेंबर १६०२ रोजी, ज्या गावी बाप्तिस्मा झाला त्याच तोरां गावी, फ्रान्सिस ह्यांची बिशपपदी प्रतिष्ठापना झाली. ते जिनिव्हाचे बिशप. परंतु वास्तव्य आनसी येथेच. धर्मप्रांत डोंगराळ, गावे विखुरलेली. त्यांनी एकेक धर्मग्राम स्वतः जाऊन पाहिला. मुलांना धर्मशिक्षण देणे हे दुय्यम काम आहे असे त्यांनी कधी मानले नाही. ते स्वतः मुलांत बसून प्रश्न विचारीत.

१६०५ च्या सुमारास त्यांना मार्तें नावाचा एक जन्मतः बहिरा व मुका तरुण भेटला. त्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, म्हणून धर्मशिक्षण देणे अशक्य, असा लोकांचा समज होता. बिशपांनी त्यास आपल्या घरी कामास ठेवून घेतले. हातांच्या खुणांची एक भाषा तयार करून त्यांनी त्यास देवाची ओळख करून दिली, व पुढे ख्रिस्तप्रसादही दिला. म्हणूनच बहिऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणूनही त्यांना मानतात.

एक नाव, दोन जीव

१६०४ सालच्या उपवासकाळात दिजों शहरी प्रवचने देण्यासाठी फ्रान्सिस ह्यांना पाचारण करण्यात आले. श्रोत्यांत एक विधवा बसत असे. तिचे नाव जेन फ्रान्सिस द शांताल. १५७२ साली जन्मली तेव्हा तिला जेन हे नाव मिळाले होते. दृढीकरणाच्या वेळी तिने फ्रान्सिस हे नाव जोडून घेतले. तिचा पती १६०१ साली शिकारीच्या वेळी एका स्नेह्याच्या हातून चुकून सुटलेल्या गोळीने मरण पावला होता. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची ती स्त्री चार लहान मुले घेऊन सासऱ्याच्या घरी अपमान सोशीत दिवस काढीत होती. ज्याच्या हातून गोळी सुटली त्याचे तोंड पाहणेही तिला सहन होत नव्हते.

बिशपांनी तिला आज्ञा केली नाही, घाईही केली नाही. हळूहळू त्यांनी तिचे मन क्षमेकडे वळविले. शेवटी ती त्या मनुष्यास भेटली. इतकेच नव्हे, तर त्याच्या एका मुलाची बाप्तिस्म्याची धर्ममाताही झाली. बांधासाठी, विहिरीच्या पाळीसाठी भाऊ-भाऊ वर्षानुवर्षे एकमेकांच्या दारात जात नाहीत, हे आपण आपल्या गावांतून पाहतोच. अशा घरांनी ह्या माउलीचे चरित्र अवश्य ऐकावे.

६ जून १६१० रोजी ह्या दोघांनी आनसी येथे मरियाभेटीचा धर्मभगिनीसंघ स्थापन केला. त्या काळातील मठांचे नियम फार कडक असत. प्रकृतीने दुबळ्या, वयाने प्रौढ, वैधव्य आलेल्या स्त्रियांस तेथे प्रवेश मिळणे कठीण. अशा स्त्रियांसाठी हा नवा संघ होता. कठोर देहदंडाऐवजी नम्रता व प्रेम हे त्याचे व्रत, आणि प्रारंभी आजाऱ्यांची सेवा हे त्याचे काम. १६१८ पासून तो पूर्ण मठवासी झाला. फ्रान्सिस ह्यांच्या मृत्यूसमयी त्याचे तेरा मठ होते. १६४१ साली जेन फ्रान्सिस वारल्या तेव्हा त्यांची संख्या ऐंशीच्या वर गेली होती. १७६७ साली त्यांनाही संतपद मिळाले. एकाच नावाचे एक पुरुष व एक स्त्री ह्यांनी मिळून एवढे कार्य केले. त्यात कोण थोर व कोण धाकटे, हा प्रश्न त्या दोघांनी कधी काढला नाही.

ग्रंथलेखन

१६०९ साली फ्रान्सिस ह्यांचा भक्तिजीवनाची ओळख करून देणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मादाम द शार्म्वाझी नावाच्या एका गृहिणीस लिहिलेल्या उपदेशपर पत्रांतून तो तयार झाला. ग्रंथात ते वाचकास फिलोथेया, म्हणजे देवावर प्रीती करणारी, असे संबोधितात. त्यापूर्वी पुष्कळांची समजूत अशी होती की, खरी भक्ती मठांतच शक्य; संसारी माणसाने मिस्सेस जावे, दानधर्म करावा व उरलेले संतांवर सोपवावे. फ्रान्सिस ह्यांनी दाखवून दिले की, सैनिक, कारागीर, दरबारी, विवाहित स्त्री ह्या प्रत्येकास आपापल्या जागी पवित्र होता येते. मात्र प्रत्येकाची भक्ती त्याच्या शक्तीला व कर्तव्याला शोभणारी असली पाहिजे.

हा विचार आपल्या जीवनास लावून पाहावा. पेरणीच्या घाईत दुधना-पूर्णेच्या काठच्या शेतकऱ्याने तासन् तास देवळात बसावे अशी देवाची अपेक्षा नाही; त्याने मापात खोट करू नये, मजुराची मजुरी संध्याकाळी हातावर ठेवावी, ही त्याची भक्ती. ऊसतोडीस गेलेल्या आईला कोपीत लेकरांना जवळ घेऊन जपमाळेचे एक दशक म्हणता आले, तर ती त्या काळच्या कोणत्याही मठवासिनीहून उणी नाही.

ह्या ग्रंथासंबंधी एक प्रसंग मोठा बोधप्रद आहे. तो एका स्त्रीला उद्देशून लिहिलेला आहे, तेव्हा पुरुषाने तो काय म्हणून वाचावा, अशी तक्रार काही पुरुषांकडून आली. १६१६ साली ईश्वरप्रीतीवरील आपला दुसरा मोठा ग्रंथ प्रसिद्ध करताना फ्रान्सिस ह्यांनी वाचकास थेओतीम, म्हणजे देवाला मान देणारा, असे पुरुषी नाव दिले, आणि प्रस्तावनेत त्याचा खुलासा केला. त्याचा आशय असा की, हे नाव एखाद्या पुरुषाचे नसून मानवी आत्म्याचे आहे, आणि तो आत्मा स्त्रीत व पुरुषात सारखाच वसतो. चारशे वर्षांपूर्वीचा हा विचार आहे. ज्यांच्या आईचे व बापाचे नाव एकच होते, त्यांच्या लेखणीतून तो उतरावा ह्यात नवल नाही.

अंत व गौरव

१६२२ च्या अखेरीस सॅव्हॉयच्या ड्यूकबरोबर त्यांना प्रवास करावा लागला. प्रकृती ढासळली होती. लियों शहरी मोठमोठ्यांची घरे त्यांच्यासाठी खुली असता त्यांनी मठाच्या माळ्याची साधी खोली पसंत केली. तेथेच पक्षाघाताचा झटका येऊन २८ डिसेंबर १६२२ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्यांचा देह आनसी येथे आणून पुरण्यात आला. १६६५ साली पोप सातवे अलेक्झांडर ह्यांनी त्यांना संतपद दिले, आणि १८७७ साली पोप नववे पायस ह्यांनी ख्रिस्तसभेचे आचार्य ही पदवी बहाल केली. त्यांचा सण २४ जानेवारीस येतो. त्यांच्या मृत्यूस चारशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा, २०२२ साली, पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांच्यावर एक प्रेषितीय पत्र प्रसृत केले. २०१३ साली आसिसीच्या संताचे नाव घेऊन गादीवर आलेले हे त्या नावाचे पहिलेच पोप. २०२५ साली ते देवाघरी गेले.

आल्प्सपासून मराठवाड्यापर्यंत

आनसीच्या ह्या संताचे नाव आपल्या मातीत कसे आले, हे आता पाहू. १८३८ साली आनसी येथेच फादर पीटर मेर्मिए ह्यांनी संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापन केला. १८४५ साली त्याचे पहिले मिशनरी हिंदुस्थानास निघाले व पुढील वर्षी विशाखापट्टणास उतरले. तेथून त्यांचे कार्य नागपूरकडे पसरले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत निर्माण झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे मिशनरी निजामाच्या राज्यातील औरंगाबाद भागात आले, आणि घोगरगाव हे त्यांच्या कार्याचे आद्य स्थान झाले.

आल्प्सच्या थंडीत वाढलेली ती माणसे. येथील ऊन, येथील दुष्काळ, येथील प्लेग व पटकी ह्यांची त्यांना सवय नव्हती. ती मराठी शिकली, बैलगाडीतून व पायी गावोगाव फिरली. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते, ज्यांची सावलीही नको होती, त्यांच्या ओसरीवर ती बसली. त्यांनी शाळा काढल्या. पाटीवर स्वतःचे नाव लिहावयास आपल्या आज्यापणज्यांपैकी कित्येक तेथेच शिकले. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्वतंत्र झाला. १९८१ साली जालना जिल्हा अस्तित्वात आला. ज्यांनी बी पेरले ते हे पीक पाहण्यास राहिले नाहीत.

आता प्रारंभीच्या दोन प्रश्नांकडे पाहावे. हे नाव मुलीस चालेल काय? ते संताच्या आईचे नाव होते, त्यांच्या कार्यातील सहकारिणीचे होते. रोमची संत फ्रान्सिस पंधराव्या शतकात गोरगरिबांची माउली झाली. गोव्यात १५४२ साली उतरलेल्या संत फ्रान्सिस झेवियरचे नाव संत फ्रान्सिस कॅब्रिनी हिने धारण केले, आणि अमेरिकेत परागंदा लोकांसाठी रुग्णालये व शाळा उभारल्या. तेव्हा ज्या घरात लेक जन्मली तेथे हे नाव अवश्य ठेवावे. परंतु ज्या हाताने हे नाव मुलीस द्यावे त्याच हाताने तिला शाळेची पिशवीही द्यावी. भावाला शिक्षण व बहिणीला धुणीभांडी, असा भेद ज्या घरात आहे तेथे दोघांना एकच नाव देऊन काय उपयोग?

आणि हे नाव परके काय? आसिसीत ते परके होते; एका संताने ते आपले केले. आपल्याकडे जे विठ्ठल, सखाराम, लक्ष्मी ही जुनी नावे घरात राखतात त्यांनी ती खुशाल राखावीत. त्यांतही आपल्या पूर्वजांची स्मृती आहे. जे फ्रान्सिस हे नाव ठेवतात त्यांनी मान खाली घालण्याचे कारण नाही. तीन-चार पिढ्या ह्या काळ्या जमिनीत घाम गाळलेले, दुष्काळात येथेच तग धरलेले नाव आता मराठीच आहे.

मात्र नावाबरोबर त्याचे ओझेही उचलावे लागते. फ्रान्सिस म्हणजे मोकळा. दारूच्या बाटलीस बांधलेला मनुष्य मोकळा नव्हे. सावकाराचे कर्ज काढून लग्नात मिरविणारा मोकळा नव्हे. रागाच्या भरात पत्नीवर हात उचलणारा तर मुळीच नव्हे. ज्या संताचे नाव त्याने घेतले आहे त्यांनी आपला राग जिंकण्यासाठी अनेक वर्षे झुंज दिली. घराघरांत, पंचायतीत, शेजाऱ्यांशी व परधर्मीयांशी बोलताना ज्याची जीभ सौम्य व मन निर्भय, तोच ह्या नावाचा खरा धनी.

ज्युबिलीच्या ह्या वर्षी आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक फ्रान्सिसने, मग तो वृद्ध असो वा पाळण्यातील बाळ, पुरुष असो वा स्त्री, ह्या संतास आपला मध्यस्थ मानावे. आणि ज्यांची नावे निराळी आहेत त्यांनी आपापल्या नावाचा अर्थ व आपापल्या संताचे चरित्र घरातील वडीलधाऱ्यांस विचारून घ्यावे. संत फ्रान्सिस द सेल्स व संत जेन फ्रान्सिस ह्यांच्या विनवणीने सर्वशक्तिमान देव आपल्या घरांस शांती, आपल्या शेतांस पाऊस व आपल्या लेकरांस ज्ञान देवो, हीच त्याच्या चरणी नम्र प्रार्थना. आमेन.